सॅटेलाइटला जंगल लाल दिसतं, तोवर किडा पुढच्या झाडात गेलेला असतो

तांदळाच्या दाण्याएवढा काळा भुंगा. नाव माउंटन पाइन बीटल. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 1990 च्या दशकापासून या भुंग्याने सुमारे 1 कोटी 80 लाख हेक्टर जंगलाला कमी-अधिक फटका दिला. अंदाज येत नसेल तर महाराष्ट्राच्या नकाशाचा निम्म्याहून जास्त भाग डोळ्यासमोर आणा.

गंमत म्हणजे हा किडा तिथलाच, बाहेरून आलेला नाही. मग आताच एवढा का माजला? त्याच्या अळ्या हिवाळा सालीखाली काढतात आणि थंडी वाढेल तसं अंगात ग्लिसरॉल साठवतात. गाडीच्या रेडिएटरमध्ये आपण कूलंट घालतो ना, तसंच. भर हिवाळ्यात त्यांना मारायला सलग काही दिवस उणे 35 ते 40 अंशांची थंडी लागते. ग्लिसरॉल पुरेसं साठण्याआधी, हिवाळ्याच्या तोंडावर, उणे 25 सुद्धा पुरते. हिवाळे सौम्य होत गेले तशा अशा लाटा कमी झाल्या. पण सगळं खापर हवामानावर फोडणं मला पटत नाही. वर्षानुवर्षं वणवे विझवल्यामुळे तिथे म्हातारी पाइन झाडं दाटीने उभी होती, म्हणजे भुंग्यासाठी ताट वाढलेलंच.

मादी साल पोखरते आणि गंधद्रव्य सोडते. थोडक्यात, बाकीच्यांना लोकेशन पाठवते. झाड चीक सोडून लढतं, पण हजारो भुंगे एकदम आले की हरतं. सोबत आलेली बुरशी खोडातलं पाणी अडवते.

आता टेक्नॉलॉजीची खरी अडचण. झाड आतून मेलेलं असलं तरी पानं जवळपास वर्षभर हिरवीच राहतात. ती लाल होतात पुढच्या उन्हाळ्यात, आणि त्याच उन्हाळ्यात नवे भुंगे उडून जातात. लँडसॅटसारख्या सॅटेलाइटला लाल झाड छान ओळखता येतं, हिरवं पण पोखरलेलं झाड ओळखणं मात्र फार अवघड. त्यामुळे नकाशावरचा लाल ठिपका बऱ्याचदा आधीच घडून गेलेली गोष्ट सांगतो.

2006 मध्ये भुंग्यांचे प्रचंड थवे वाऱ्याबरोबर रॉकी पर्वत ओलांडून अल्बर्टात उतरले. 2011 मध्ये तिथे जॅक पाइन या वेगळ्या जातीच्या झाडातही हा किडा असल्याचं संशोधकांनी पक्कं केलं. काळजी इथे आहे, कारण जॅक पाइनचा पट्टा थेट कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याकडे जातो.

म्हणून ‘किडा अमुक सालापर्यंत इथवर पोचेल’ असे नकाशे फिरतात. ते गुगल मॅप्सच्या निळ्या रेषेसारखे वाचू नका. जास्त उष्णता भुंग्यालाही नडते: अळ्यांची वाढ मागेपुढे होते, सगळे एकाच वेळी बाहेर पडत नाहीत आणि झाडावरचा हल्ला फसतो. म्हणजे त्याचा पट्टा उत्तरेकडे आणि उंचावर सरकताना काही उष्ण भागांत आटूही शकतो. शिवाय 2019 पासूनच्या कडक थंडीने अल्बर्टातले भुंगे खूप कमी केले. एखादा हिवाळा अजूनही हिशोब बदलतो.

त्यामुळे अल्बर्टाचे वनकर्मचारी आजही वसंतात झाडांच्या सालीच्या चकत्या कापतात आणि आत किती अळ्या जिवंत राहिल्या ते मोजतात. पुढच्या उन्हाळ्याचा अंदाज त्या आकड्यावरून बांधला जातो.