परसांतली भाजी आणि बाजाराची पिशवी

शेतकरी जगाचा पोशिंदा, असें भाषणांतून वारंवार सांगण्यांत येतें. तें ऐकून आमचे बंधु माना डोलावतात, आणि बाजाराच्या दिवशीं पिशवी घेऊन मेथीची जुडी विकत आणावयास जातात! रानांत सोयाबीन, कपाशी नाहीं तर ऊस. घरीं मात्र कोरड्यासाला काय करावें ही रोजची चिंता.

ह्याचा भार कोणाच्या अंगावर पडतो? 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालच्या मुलांपैकीं शेंकडा 35 मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं, आणि 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांत 54 जणींच्या अंगांत रक्त कमी. भाजीनेंच हें सारें भरून निघेल असें आम्ही म्हणत नाहीं. डाळ, दूध, अंडीं पाहिजेत, दवाखानाही पाहिजे. परंतु ज्या घरांत आठवड्यांतून दोनदांच हिरवी भाजी शिजते, त्यानें गोळ्यांवर किती भिस्त ठेवावी?

कोणी म्हणेल, मास्तर, ज्याला परसच नाहीं त्यानें काय करावें? प्रश्न रास्त आहे. सुतार, लोहार, कुंभार आणि मोलमजुरी करणारे ह्यांचीं घरें भिंतीला भिंत लागून असतात. म्हणून बाग सामाईक असावी. शाळेचें आवार आहे, गांवठाणांत पडीक जागाही निघते.

2019 सालीं केंद्र सरकारनें शाळांतून पोषणबागा करण्याच्या सूचना काढल्या. सूचना चांगल्या, पुढचें आम्हां शाळामास्तरांस ठाऊक. जूनांत फलक लागतो, ऑगस्टांत छायाचित्र निघतें, चार भेंड्या मुलांच्या आमटींतही पडतात. मग उन्हाळ्याची सुटी लागते, पाणी घालणारा कोणी उरत नाहीं आणि बाग वाळते. कारण ती कागदावर शाळेची असते, कोणा घराची नसते. तेव्हां दहाबारा घरांतल्या बायकांना वाफे वांटून द्यावे, वाफ्यांतलें पीक ज्या त्या घराचें. शाळेला वाटा मिळाला म्हणजे झालें. आणि पाण्याची पाळी ठरवितांना कोणाची आळी कोणती हें पाहूं नये. आमच्या गांवांतून बाग मोडते ती बहुधा येथेंच.

दुसरी गोष्ट बियांची. दुकानांतल्या संकरित वाणाचें बीं धरून पुढल्या वर्षीं पेरलें तर तसें पीक येत नाहीं. पुन्हा दुकानाची पायरी. अकोले तालुक्यांतील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे ह्या शाळेची पायरी न चढलेल्या बाईनें वाल, घेवडे, नागली यांचीं गांवठी बियाणीं जमवून वांटलीं. 2020 सालच्या पद्मश्रीच्या यादींत त्यांचें नांव आलें. आमच्या आज्या हेंच राखेंत घोळून गाडग्यांत ठेवीत; त्यांना कोणी विचारलें नाहीं!

लावावयाचें काय? माठ व अंबाडी, कुंपणावर कारलें आणि दोडका, मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू. शेवगा तर हवाच. पण तो उंच वाढूं देऊं नये, छाटावा, म्हणजे शेंगा हाताशीं येतात. त्याचा पाला आपण टाकून देतों. तो मुगाच्या डाळींत घालावा, वर लिंबू पिळावें, म्हणजे त्यांतलें लोह अंगीं लागावयास मदत होते.

1 मेच्या ग्रामसभेस बायाबापड्यांनीं घरीं न बसतां जावें, आणि जागा कोणती व पाणी कोणत्या नळाचें, हें ठरावांत लिहून घ्यावें. कुंपणाच्या काट्या त्याच आठवड्यांत तोडाव्या. शेवग्याचे फांटे मृगाच्या पहिल्या पावसावर लावतां येतील.