दिवे न लागणाऱ्या सदनिका

दिवेलागणीच्या सुमारास पाथर्डी फाट्याच्या किंवा आडगावच्या बाजूने नाशिकमध्ये शिरणाऱ्या प्रवाशाला एक दृश्य हटकून दिसते. सात-आठ मजल्यांची नवी इमारत, दाराशी पहारेकरी, अंगणात शोभेची झाडे. आणि वर पाहावे तो निम्म्याहून अधिक खिडक्या अंधारात. सदनिका शिल्लक आहेत काय, असे विचारल्यास सर्व केव्हाच विकल्या गेल्याचे पहारेकरी अभिमानाने सांगतो. विकल्या गेल्या हे खरे, राहावयास मात्र कोणी आले नाही. घेणाऱ्यांचे राहते घर दुसरीकडे आहेच. हे दुसरे घर म्हणजे 'गुंतवणूक' होय.

नाशिक वाढत आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. १९८२ मध्ये महापालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे १० लाख ७७ हजार होती. २०११ मध्ये ती १४ लाख ८६ हजारांवर गेली. दहा वर्षांत ३८ टक्के वाढ ही कोणत्याही शहराच्या दृष्टीने थोडी नव्हे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती, ओझरचा विमान कारखाना, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांचा पैसा आणि मुंबईची जवळीक ही या वाढीची जुनी कारणे. त्यात जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला आणि २०२७ च्या सिंहस्थाची कामे आली. अशा शहरात घराची किंमत वाढणारच, असा सामान्य माणसाचा तर्क असतो, आणि तो वरवर पाहता चुकीचाही नाही.

यातील मेख अशी की, शहर वाढणार हे विकणाऱ्यालाही ठाऊक असते. उद्याच्या वाढीची किंमत तो आजच लावतो. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २ हजार ९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. ती मेट्रो अद्याप धावलेली नाही. पण 'नियोजित मेट्रो स्थानकापासून पाच मिनिटांवर' असलेल्या सदनिकांच्या जाहिराती तत्काळ धावू लागल्या. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचीही तीच कथा. जमीनमालकाच्या पदरात त्याच्या कोणत्याही श्रमावाचून पडणाऱ्या या लाभाला जॉन स्टुअर्ट मिल आणि त्यांच्यानंतरचे अर्थशास्त्रज्ञ अनर्जित वाढ म्हणत आले. ती वाढ नंतर येणाऱ्या ग्राहकाच्या हाती क्वचितच लागते, कारण त्याने तिचे मोल आधीच मोजलेले असते. शेताचा बिनशेती भूखंड झाला तेव्हा ज्याच्याकडे जमीन होती, तो श्रीमंत झाला. त्याची कथा ऐकून सातव्या मजल्यावरील दोन खोल्या घेणारा मनुष्य मात्र वेगळ्याच बाजारात उभा असतो. जमिनीची किंमत चढते, इमारत जुनी होते; आणि सदनिकाधारकाच्या वाट्याला जमीन थोडी आणि इमारत फार, असा हा व्यवहार आहे.

एक साधा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ५० लाखांची सदनिका घेतली. पाच टक्के वस्तू व सेवा कर, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून आणखी दहावा भाग सहज जातो, म्हणजे खरी किंमत साडेपंचावन्न लाखांच्या आसपास. भाडे महिना १२ हजार धरले तर वर्षाचे १ लाख ४४ हजार. घरपट्टी, संस्थेचा देखभाल खर्च, एखादा रिकामा महिना वजा जाता हाती १ लाख १० हजार उरले तरी पुष्कळ. गुंतविलेल्या रकमेवर हे उत्पन्न पडते जेमतेम दोन टक्के. किंमत दरसाल पाच टक्क्यांनी वाढत गेली, तर दहा वर्षांनी सदनिका ८१ लाखांना जाईल. ऐकताना हा आकडा मोठा वाटतो. दलाली वजा करून मूळ खर्चाशी तो ताडून पाहिला तर वार्षिक वाढ पावणेचार टक्क्यांहून अधिक भरत नाही. भाडेही वाढत जाईल हे मान्य करूनही सर्व मिळून सहा टक्क्यांच्या आगेमागेच घोटाळणारा हा परतावा आहे. शिवाय २३ जुलै २०२४ पासून घेतलेल्या घराच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो आणि महागाईचा निर्देशांक लावून खरेदीची किंमत वाढवून दाखविण्याची जुनी सवलत त्याला नाही. ज्या मुदत ठेवीची हे गुंतवणूकदार चेष्टा करतात, तिच्याहून हा व्यवहार फारसा सरस ठरत नाही. आणि ठेव गळत नाही, तिला रंग द्यावा लागत नाही.

कर्ज काढून हा उद्योग करणाऱ्याची स्थिती अधिक बिकट. ४० लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर दरमहा सुमारे ३६ हजारांचा हप्ता पडतो. एकूण फेड ८६ लाखांवर जाते. भाडे हप्त्याचा तिसरा हिस्सा भागविते, बाकीचे दोन हिस्से पगारातून. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर नेला, तेव्हा अनेकांचे हप्ते वाढले किंवा मुदती निवृत्तीच्या पलीकडे गेल्या.

मग लोक घरे का घेतात? त्यांना हिशेब येत नाही म्हणून, असे उत्तर देणे सोपे, पण अन्यायाचे होईल. निवृत्त होणाऱ्या शिक्षकाने पतसंस्थेत बुडालेल्या ठेवी पाहिलेल्या असतात. शेअर बाजाराची भाषा त्याला परकी वाटते. सोने घरात ठेवण्याची भीती. विटांची भिंत मात्र डोळ्यांना दिसते, तिला कुलूप लावता येते, मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात तिचा उल्लेख करता येतो. या सुरक्षिततेला किंमत आहे, हे अर्थशास्त्रालाही मान्य आहे. परंतु भविष्य निर्वाह निधी आणि उपदान यांची सारी पुंजी एका सदनिकेत घालणाऱ्या माणसाला अडचण येते ती रुग्णालयाच्या दाराशी. पाच लाखांची तातडीची गरज भागविण्यासाठी स्वयंपाकघर तेवढे विकता येत नाही. अख्खे घर विकावयाचे तर गिऱ्हाईक मिळण्यास महिने लागतात, आणि गरजवंताला भाव मिळत नाही हे काय सांगावयास हवे? शेजारच्या इमारतीत विकासक नवी सदनिका सुलभ हप्त्यांनी देत असताना आठ वर्षांची जुनी कोण घेणार?

१ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आलेल्या रेरा कायद्याने ग्राहकाची पुष्कळ सोय केली आहे, हे नमूद केले पाहिजे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवणे, नोंदणीकृत करारावाचून दहा टक्क्यांहून अधिक रक्कम न घेणे, बांधकामातील दोषाची पाच वर्षे जबाबदारी घेणे, ही बंधने पूर्वीच्या मानाने मोठीच. पण कायदा फसवणुकीपासून वाचवितो. किंमत वाढेल अशी हमी तो देत नाही. नळाला पाणी येईल अशी तर नाहीच. नाशिकची भिस्त गंगापूर धरणावर, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडावे लागले, ही गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली आढळत नाही.

एकट्या गुंतवणूकदाराचे नुकसान हा त्याचा खासगी प्रश्न म्हणता येईल. शहराचे काय? केंद्राच्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये नागरी भारतात १ कोटी ८८ लाख घरांची तूट वर्तविली. त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक तूट दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांची. त्याच नागरी भारतात २०११ च्या जनगणनेने १ कोटी १० लाखांच्या वर घरे रिकामी नोंदविली. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनुसार या रिकाम्या घरांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला, सुमारे २० लाखांचा. म्हणजे घरे आहेत आणि घरांची टंचाईही आहे, असा हा विचित्र योग.

घर भाड्याने का देत नाही, असे विचारता मालक म्हणतो, भाडेकरू निघत नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १९४० च्या भाड्यावर घरे गोठविली, त्या काळाची ही धास्ती आहे. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात मुदतीच्या नोंदणीकृत परवाना कराराने घर दिल्यास मुदत संपताच सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा मागता येतो. कायदा बदलला, मनातील पागडीचा काळ बदलला नाही. आणि सरकारनेही त्या धास्तीला करसवलतीची जोड दिली! पूर्वी दुसरे घर रिकामे ठेवले तरी त्याचे काल्पनिक भाडे उत्पन्नात धरले जाई. २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पाने दुसऱ्या घरापुरती ही तरतूद काढून टाकली. जो भाडेकरू ठेवतो त्याने भाड्यावर कर भरावा. जो कुलूप लावतो त्याने काहीच भरू नये. कॅनडातील व्हॅंकुव्हर शहराने २०१७ पासून नेमके उलट केले आणि रिकाम्या घरांवर वेगळा कर बसविला. तसा कर येथे लगेच बसवावा असे नव्हे. २०१८ मध्ये घरपट्टीचे करमूल्य वाढविताच नाशिकमध्ये केवढे आंदोलन उसळले, हे स्मरणात आहे. परंतु निदान रिकामे ठेवण्याला बक्षीस तरी देऊ नये.

अंबडच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कंत्राटी कामगार आज एका खोलीत तिघा-चौघांसह राहतो, आणि त्याच्या वाटेवर अंधाऱ्या खिडक्यांच्या इमारती उभ्या असतात. त्यांत किती घरे खरोखर रिकामी आहेत, हे ठरविण्यासाठी पुढच्या जनगणनेची वाट पाहण्याचेही कारण नाही. वर्षभर ज्यांचा वापर शून्यावर आहे अशी घरगुती वीजमीटर शहरात किती, हे महापालिकेला वीज वितरण कंपनीकडून एका पत्राने मागविता येईल. ते पत्र सिंहस्थाच्या रस्त्यांच्या निविदांबरोबरच गेले तरी चालेल.