दात किती निघाले, यापेक्षा उशीर किती झाला?

जुलै २०१४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात बुलढाणा जिल्ह्यातील १७ वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून २३२ दात काढण्यात आले. २०१९ मध्ये चेन्नईत सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून ५२६ दात निघाले. दोन्ही वेळा बातमी झाली ती या आकड्यांची. उशिराचा आकडा मात्र मागे पडला. पहिल्या मुलाला सुमारे दीड वर्ष सुजेचा त्रास होता. दुसऱ्याची सूज तर तो तीन वर्षांचा असतानाच घरच्यांना दिसली होती.

हे शेकडो दात म्हणजे ‘ओडोंटोमा’, दात घडवणाऱ्या पेशींचीच गाठ. ती कर्करोगाची नसते, हळूहळू वाढते आणि सहसा दुखत नाही. म्हणूनच दुर्लक्ष होते.

एखादा जादा दात भलत्याच ठिकाणीही उगवतो. न्यूयॉर्कमधील ३८ वर्षांच्या गृहस्थाला कित्येक वर्षे उजव्या नाकपुडीतून श्वास घेणे जड जात होते. तपासणीत नाकात सुमारे १४ मिलिमीटर लांबीचा दात आढळला. तो काढल्यावर त्रास थांबला. २०२३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने या रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली.

असे का होते? गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास जबड्यात दात घडवणारी पेशींची पट्टी तयार होते. काम संपले की ती विरते. तिचे अवशेष उरले आणि पुन्हा सक्रिय झाले, तर जादा दात तयार होऊ शकतो. वरच्या जबड्याचे हाड नाकाच्या तळाला आणि गालामागच्या सायनसच्या पोकळीला लागूनच असते. त्यामुळे दिशा चुकलेला दात हिरडीतून खाली येण्याऐवजी वर सरकतो.

निदान अवघड नाही. संपूर्ण जबड्याचा एक एक्स-रे बहुतेक वेळा पुरतो. प्रश्न तो कधी काढला जातो, हा आहे. दुधाचा दात पडून सहा महिने झाले तरी नवा आला नाही, शेजारचा जोडीदार मात्र आला. गालाला न दुखणारी सूज आहे. एकच नाकपुडी सतत बंद राहते, अशा वेळी थांबू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दातांचीही तपासणी अपेक्षित आहे. तिथे किडलेल्या दातांबरोबर न आलेला दातही मोजला गेला, तर पुढची शस्त्रक्रिया लहान होईल. मग तिची बातमी होणार नाही, आणि तेच बरे.