‘फॉर्मेट मारना पड़ेगा’

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. ज्यांचा जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही, त्यांच्यापैकी काहींनी विंडोजच्या शेजारीच उबुंटू किंवा मिंट बसवून घेतलं. चांगलंच केलं. पण एखाद्या दिवशी बटण दाबल्यावर काळ्या पडद्यावर दोन ओळी येऊन मशीन अडतं. मग आपण ते उचलून जेल रोडला नेतो आणि तिथे ठरलेलं उत्तर मिळतं, “भिया, विंडो उड़ गई है, फॉर्मेट मारना पड़ेगा.” आणि आपण मान डोलावतो. माझं म्हणणं एवढंच, की मान डोलावू नका. बहुतेक वेळा काहीच उडालेलं नसतं.

स्नेहलतागंजात आमच्या घरात वर-खाली दोन बिऱ्हाडं आहेत, दार एकच. दारावरची पाटी पडली म्हणून वरचं बिऱ्हाड घर सोडून गेलं, असं कुणी म्हणेल का? कॉम्प्युटरचंही तसंच. सुरू होताना मशीन आधी एका छोट्या भागात बघतं. त्याला ईएफआय पार्टिशन म्हणतात. तिथे विंडोजचा आणि लिनक्सचा, दोघांचेही बूटलोडर असतात. आधी कुणाला हाक मारायची तो क्रम मदरबोर्डवर नोंदलेला असतो. तुमची कागदपत्रं, फोटो, कविता या सगळ्यापासून लांब, वेगळ्या पार्टिशनमध्ये असतात.

अपडेटनंतर मशीन सरळ विंडोजमध्येच जात असेल, तर बहुधा तो क्रम बदललेला असतो. बायोसमध्ये जाऊन लिनक्सचं नाव वर आणलं की झालं, पाच मिनिटांचं काम. उलट, लिनक्सच्या यादीतून विंडोज गायब असेल तरी घाबरू नका. उबुंटूच्या २२.०४ आवृत्तीपासून ग्रब दुसरी सिस्टीम आपणहून शोधत नाही. त्याच्या सेटिंग फाइलमध्ये ती तपासणी चालू करून ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्यायचं. ‘ग्रब रेस्क्यू’ अशी ओळ आली, तर ग्रबला स्वतःच्या फाइली सापडत नाहीयेत. विंडोजमधून कुणीतरी ‘फालतू’ समजून लिनक्सचं पार्टिशन पुसलं, की हमखास असं होतं. तेव्हा लिनक्स गेलं हे खरं, पण विंडोज जागेवरच असतं.

ऑगस्ट २०२४मध्ये तर दोष वापरणाऱ्यांचा नव्हताच. विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर जगभर अनेकांचं लिनक्स उघडेना. पडद्यावर ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ एवढंच. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समध्ये एक कमांड दिली की ते सुटत होतं. मायक्रोसॉफ्टची कायमची दुरुस्ती मात्र मे २०२५मध्ये आली. या मधल्या काळात किती जणांनी निष्कारण फॉर्मेट मारून घेतलं असेल, देव जाणे.

आमच्या शेजारच्या एका ताईंचा एम.ए.चा लघुप्रबंध असाच गेला. दुकानदाराने तासाभरात लॅपटॉप ‘एकदम नया’ करून दिला, पैसेही घेतले. सहा महिन्यांची टिपणं, आजीकडून उतरवून घेतलेल्या ओव्या, सगळं साफ. आजी आता नाहीत, त्यामुळे ओव्या परत मिळायच्या नाहीत. लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून ती फाइल आधी दुसरीकडे कॉपी केली असती तर? पेनड्राइव्हवरचं लिनक्स काहीही इन्स्टॉल न करता चालतं आणि विंडोजची पार्टिशनं उघडून दाखवतं. म्हणून दुकानात पहिला प्रश्न ‘किती पैसे?’ हा नको, ‘आधी डेटा काढून देता का?’ हा हवा. नाही म्हणाला तर लॅपटॉप उचला आणि घरी या.

एका ठिकाणी मात्र खरोखर जपायला हवं. बिटलॉकर चालू असेल तर बायोसमध्ये, विशेषतः सिक्युअर बूटमध्ये, हात घातल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती नसली तर पेनड्राइव्हही कामाचा नाही. बऱ्याच जणांना बिटलॉकर आपल्याकडे चालू आहे हेच ठाऊक नसतं. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. आजच कागदावर उतरवा आणि कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका!

आपल्या मंडळाचे जुने अंक, हस्तलिखितांचे स्कॅन, सगळं एकाच मशीनवर पडून आहे. मंडळाच्या कपाटात एक लाइव्ह पेनड्राइव्ह आणि त्या मशीनची की असलेलं पाकीट असावं, अशी माझी जाहीर मागणी आहे. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. मी बनवून देतो, पेनड्राइव्ह तेवढा मंडळाने आणावा.

आणि हो, लिनक्समधून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर ते बिघडलेलं नाही. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच भारताची समजतं. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ द्या.