विमान उडालें, पण किती वेळ?

वार्षिक स्नेहसंमेलनाच्या दिवशीं क्रीडांगणावरून एखादें कागदी पंखांचें विमान डोलत डोलत वर जातें, पाहुणेमंडळी टाळ्या वाजवितात, आणि थोड्या वेळानें तें माडाच्या झावळ्यांत अडकलें म्हणजे सर्वत्र हंशा पिकतो. आमच्या शाळेंतील विमानप्रतिकृति मंडळाची ओळख बहुतेक पालकांस एवढीच आहे. ती अपुरी आहे असें आम्हांस वाटतें. आणि ती अपुरी असल्यामुळेंच दोन आक्षेप दरवर्षीं आमच्या कानीं येतात. एक असा, कीं हा निव्वळ पोरखेळ असून अभ्यासाच्या दिवसांत त्यांत वेळ दवडणें शहाणपणाचें नव्हे. दुसरा असा, कीं हा श्रीमंतांचा छंद आहे. ज्यांच्या घरची चूल रापणीवर किंवा आंब्याच्या चार कलमांवर चालते, त्यांच्या मुलांनीं त्याच्या नादीं कां लागावें? या दोन्ही आक्षेपांचा विचार करून आमचें मत वाचकांपुढें ठेवावें, व तें ठेवतांना गेल्या वर्षीं आमच्या हातून घडलेली एक चूकहि न लपवितां सांगावी, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

प्रथम मंडळाचें वर्ष कसें जातें तें सांगतों. जूनमध्यें शाळा उघडली म्हणजे वार्षिक सभा भरते. तींत गतवर्षाचा जमाखर्च व नोंदवही वाचून मंजूर केली जाते, चिटणीस व खजिनदार निवडले जातात, आणि वर्गणी ठरते. ज्यास पैसे देणें सोयीचें नसेल त्यानें बांबूच्या कांबी तासून द्याव्या, अशी आमच्याकडे रूढि आहे, व दोघांचीहि जमा वहींत सारखीच मांडली जाते. पुढें सप्टेंबरपर्यंत आमच्या किनाऱ्यावर विमान बाहेर काढण्याची सोय नाहीं. पाऊस उघडला तरी हवेंतील दमटपणानें पंखांवरचा कागद सैल पडतो. हे महिने आंखणी, कापणी व जोडणी यांत जातात. गणपतीचें विसर्जन झाल्यावर घरोघरच्या मोडलेल्या मखरांतील भेंड गोळा करणें, हेंहि आमच्या वार्षिक कामांपैकीं एक होय. दिवाळीनंतर भातकापणी झालेले मळे मोकळे होतात आणि खऱ्या उड्डाणांस आरंभ होतो. सड्यावर जागा पुष्कळ, परंतु जांभा दगड कठीण. तेथें आपटलेलें विमान पुन्हां उठत नाहीं. मळ्यांतील धसकटांत पडलेलें बहुधा दुरुस्त करतां येतें. उड्डाणाची वेळ सकाळची; कारण दिवस चढूं लागला कीं समुद्रावरून वारा सुटतो, आणि मग आमच्या हलक्या विमानांचें कांहीं चालत नाहीं. जानेवारींत स्पर्धा व संमेलन, मार्चमध्यें साहित्य मोजून कपाटांत ठेवणें, आणि जूनमध्यें पुन्हां सभा, असें हें चक्र आहे.

आतां खर्चाचा आक्षेप घेऊं. परदेशीं अशीं विमानें बाल्सा नांवाच्या लांकडाचीं करतात. तें मुख्यत्वें दक्षिण अमेरिकेंतील एक्वादोर देशांतून येतें, व त्याचें वजन तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या सुमारें सहाव्या हिश्शाइतकें भरतें. तें आपल्याकडे महाग पडतें हें खरें. परंतु आमच्या जिल्ह्यांत माणगा बांबूला तोटा नाहीं. त्याची पातळ कांब दिव्याच्या उष्णतेवर वांकविली कीं पंखाची कड तयार होते. भेंड बाल्साहूनहि हलकें आहे, मात्र नाजूक. पांगाऱ्याचें लांकूड मऊ व हलकें असून सावंतवाडीच्या कारागिरांनीं त्याचीं फळें व खेळणीं घडवून नांव मिळविलें. त्याच लांकडाचा पुढील फिरता पंखा कोरतां येतो. पतंगाचा कागद चार पैशांचा, आणि तांदळाची खळ कोणत्याहि घरीं होते. विकत घ्यावें लागतें तें केवळ रबर, आणि तेंहि थोडकें. १९२८ पासून नियमितपणें चालत आलेल्या वेकफील्ड चषकाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत आज एका विमानास जास्तींत जास्त ३० ग्रॅम रबर वापरण्याची मुभा आहे. जगांतील उत्तमांतल्या उत्तम स्पर्धकासहि मुठींत मावेल एवढ्याच रबरावर आपलें कौशल्य दाखवावें लागतें, मग आपण सामग्रीच्या उणिवेचें रडगाणें कां गावें? म्हणूनच बाजारांतून आणलेला तयार संच जोडून केलेलें विमान आमच्या स्पर्धेंत घेत नाहींत. हा नियम कित्येकांस कडक वाटतो. परंतु त्याच्यामुळेंच होडी शाकारणाऱ्याचा मुलगा आणि दुकानदाराचा मुलगा एका रेषेवर उभे राहतात.

दूरनियंत्रणानें उडणाऱ्या ड्रोनविषयीं पुष्कळ विद्यार्थी विचारतात. त्या यंत्रांशीं आमचें वैर नाहीं. परंतु कर्ली खाडीच्या पलीकडे चिपी येथें ९ ऑक्टोबर २०२१ रोजीं विमानतळाचें उद्घाटन झालें आहे, आणि त्याच वर्षींच्या ड्रोन नियमांनीं अशा यंत्रांसाठीं आकाशाचे तांबडा, पिंवळा व हिरवा असे विभाग पाडले आहेत. आपण उभे आहों ती जागा कोणत्या विभागांत येते हें सरकारी नकाशावर पाहिल्याखेरीज कोणींहि असें यंत्र उडवूं नये, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

पोरखेळाच्या आक्षेपास उत्तर देणें सोपें आहे. १८ ऑगस्ट १८७१ रोजीं पॅरिस शहरांतील त्विलरी बागेंत आल्फोन्स पेनो या तरुणानें पिळलेल्या रबरावर चालणारें एक लहानसें विमान सोडलें. तें ११ सेकंदांत सुमारें ४० मीटर गेलें. पुढें १८७८ सालीं अमेरिकेंतील एका गृहस्थानें याच पेनोच्या कल्पनेवरून बनविलेलें, बूच, बांबू व कागद यांचें, रबरानें वर उडणारें खेळणें आपल्या दोन मुलांसाठीं घरीं आणलें. त्या मुलांचीं नांवें विल्बर व ऑर्व्हिल राइट. तें खेळणें मोडल्यावर त्यांनीं स्वतः तसेंच दुसरें तयार केलें. १७ डिसेंबर १९०३ रोजीं त्यांचें मोठें यंत्र मनुष्यास घेऊन प्रथम उडालें तें १२ सेकंद व १२० फूट.

परंतु खेळण्यापासून विमानापर्यंतची ही वाट त्या बंधूंनीं केवळ हौसेनें चालून काढिली नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें. १९०१ सालीं त्यांच्या तरंगत्या यंत्रास हवेचा आधार अपेक्षेच्या सुमारें एकतृतीयांशच मिळाला. इतर कोणी हा अनुभव लपविला असता, किंवा वाऱ्यास दोष दिला असता. त्यांनीं तो आंकडा जसाच्या तसा लिहून ठेविला, पूर्वीच्या संशोधकांच्या कोष्टकांविषयीं शंका घेतली, व एक लांकडी पेटी करून तींत कृत्रिम वारा सोडून सुमारें २०० लहान पंखांची परीक्षा केली. पुढें त्यांस यश आलें तें या पेटींतील आंकड्यांच्या बळावर. त्या पहिल्या दिवशीं चार उड्डाणें झालीं. चौथें ५९ सेकंदांचें व ८५२ फुटांचें होतें, आणि त्यानंतर वाऱ्याच्या झोतानें यंत्र उलटून मोडलें. उड्डाणांची लांबी, काळ, वाऱ्याचा जोर आणि शेवटची मोडतोड, सर्वच त्यांनीं नमूद करून ठेविलें.

आमच्या मंडळाचीहि एक नोंदवही आहे. तींत तारीख, वाऱ्याची दिशा, रबरास दिलेले पीळ, उड्डाणाचा काळ आणि शेवट कसा झाला, असे रकाने आहेत. पिळलेलें रबर प्रथम जोरानें सुटतें व मग त्याचा जोर ओसरत जातो. त्यामुळें आरंभीं नाक वर करून उलटणारें विमान शेवटीं मात्र शांतपणें तरंगतें. गुरुत्वमध्य किंचित् मागें सरकला कीं तें गटांगळ्या खातें. फार पुढें आला कीं सरळ मळ्यांत घुसतें. हें सर्व पुस्तकांत आहे. पण आपल्या विमानाच्या नाकाशीं मेणाची केवढी गोळी लावावी, हें पुस्तकांत नाहीं. तें पडलेल्या विमानांच्या नोंदींतूनच कळतें.

आतां आमची चूक. गेल्या वर्षींच्या स्पर्धेंत आमच्यापैकीं एकाचें विमान फारच सुरेख उठलें आणि मळ्यापलीकडील माडांच्या मागें गेलें. विमान दृष्टीआड झालें कीं घड्याळ थांबवावें, असा आमचा नियम आहे. घड्याळ पांचवींतील एका विद्यार्थिनीच्या हातीं होतें. तिनें २९ सेकंद सांगितले. पण तिचा आवाज कोणाच्या कानीं शिरतो! “अजून उडतच असेल,” “मिनिटभर तरी गेलेंच,” असा एकच गलका झाला, आणि आम्हीं वहींत ‘एक मिनिट’ असें लिहिलें. संमेलनांत तोच आंकडा मोठ्यानें वाचला गेला, टाळ्या पडल्या, व त्या विमानास पहिलें बक्षीस मिळालें. दुसरें बक्षीस ज्यास मिळालें त्याचें विमान सर्वांच्या डोळ्यांदेखत ३४ सेकंद उडालें होतें.

जूनमध्यें सभेंत नोंदवही मंजुरीसाठीं वाचली जात असतां तीच विद्यार्थिनी, आतां सहावींत गेलेली, उभी राहून म्हणाली, “मीं एकोणतीस सांगितले होते.” सभेंत क्षणभर कोणी बोललें नाहीं. नंतर वाद पुष्कळ झाला. कित्येकांचें म्हणणें असें, कीं माडांमागें तें खरोखरच मिनिटभर उडालें असेल. मग आंकडा खोटा कसा? दुसऱ्यांस वाटलें, झालेली गोष्ट उकरून काढल्यानें मंडळाचें नांव जाईल. एकानें मतें घ्यावीं असें सुचविलें. तेव्हां आमचे शास्त्रशिक्षक एवढेंच म्हणाले, कीं हा मतांचा प्रश्न नव्हे. शेवटीं ‘एक मिनिट’ यावर एक रेघ मारली, तो खोडून काढला नाहीं. बाजूला ‘२९ सेकंद, त्यापुढें दृष्टीआड’ असें लिहिलें, व खालीं दुरुस्तीचें कारण नमूद केलें. ज्यास पहिलें बक्षीस मिळालें होतें त्यानें दुसऱ्या दिवशीं बक्षिसाचें पुस्तक आणून परत केलें. त्यास वाईट वाटलें नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. तें त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतें. त्याच्या विमानाचा यांत कांहींच दोष नव्हता. दोष लिहिणाऱ्यांचा, म्हणजे आमचा होता.

हा प्रकार क्षुल्लक वाटेल. पण याचाच मोठा नमुना मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ सालीं चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नांवाचें मानवरहित विमान उडविलें, असें आपल्याकडे पुष्कळदां अभिमानानें सांगितलें जातें. तें किती वेळ उडालें, किती उंच गेलें, कोणत्या शक्तीनें चाललें, हें दाखविणारी त्या काळची विश्वसनीय नोंद मात्र पुढें आलेली नाहीं. ज्या ‘वैमानिकशास्त्र’ ग्रंथाशीं ही कथा जोडतात, त्याची परीक्षा १९७४ सालीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच संशोधकांनीं केली. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकांतला आहे व त्यांत वर्णिलेलीं विमानें उडण्याजोगीं नाहींत, असा त्यांचा निर्णय झाला. तळपदे यांची जिज्ञासा आम्ही कमी लेखीत नाहीं. त्यांनीं खरोखर कांहीं उडविलें असेल, तर नोंदीच्या अभावीं त्यांच्यावरच अन्याय झाला आहे. आणि नसेल, तर टाळ्या वाजविणाऱ्यांनीं आपल्या मुलांस फसविलें आहे. आमचें विमानहि माडांमागें मिनिटभर उडालें असेल. पण ‘असेल’ हा शब्द काळाच्या रकान्यांत लिहितां येत नाहीं.

म्हणून आमचें मत असें आहे. हें मंडळ राखण्याजोगें आहे, परंतु त्याच्या विमानांकरितां नव्हे, तर त्याच्या नोंदवहीकरितां. आणि ती वही ज्या वर्षीं खोटी होईल त्या वर्षीं हा छंद खरोखरच पोरखेळ ठरेल. यापुढें प्रत्येक उड्डाणास दोन घड्याळें असावीं व दोहोंचे आंकडे वेगवेगळे लिहावे. पडलेल्या विमानाची नोंद उडालेल्याइतकीच सविस्तर असावी. घड्याळ धरणारा वयानें कितीहि लहान असो, त्यानें सांगितलेला आंकडा मोठ्यांनीं बदलूं नये. पालकवर्गास आमची विनंति एवढीच, कीं संमेलनास आल्यावर चषक व प्रशस्तिपत्रें पाहून परत न जातां टेबलावर ठेविलेली वहीहि चाळावी, आणि आपल्या मुलाच्या नांवापुढें ‘उलटलें’ किंवा ‘मोडलें’ असें दिसल्यास रागावूं नये; त्यानें तें स्वतःच्या हातानें लिहिलें आहे.

गेल्या वर्षींचें आमचें सर्वांत मोठें उड्डाण ३४ सेकंदांचें आहे. पुढील वर्षीं तें वाढेल अशी आम्हांस आशा आहे. न वाढल्यास तेंहि वाचकांस त्याच वहींत सांपडेल.