रस्त्यावरचा संसार

काल आमच्या फडाजवळ एक लाल स्पोर्ट्स कार अडकली. जमिनीपासून उंची जेमतेम चार-पाच इंच, ट्रॅक्टरच्या चाकोरीत पोटच टेकलं. पोरगा म्हणाला, "काका, घर सोडलंय, वर्षभर गाडीतच राहतो." टोळीने ढकलून काढली. आम्ही फोटो काढले, त्याला चहा पाजला. त्याच्याबद्दल तक्रार नाही. हौस आहे, ऐपत आहे, फिरू दे.

तक्रार आपल्याबद्दल आहे. गाडी ढकलणारी टोळी बीडची. दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टरवर संसार लादायचा, पाच-सहा महिने या फडातून त्या फडात. नवरा-बायको मिळून एक कोयता. यांच्या फिरण्याला कोणी स्वातंत्र्य म्हणत नाही. पोरगा कंटाळला की घरी जाईल; यांना उचल फिटेपर्यंत सुटका नाही. आणि चहा? तो मी त्यांना विचारलाच नव्हता.

ऊस माझा, कोप्या माझ्या बांधाला. मग पाणी, उजेड, बायांना आडोसा हे कारखान्याने बघावं म्हणून हात झटकायचे? आज मोटारीचा पाइप आणि एक बल्ब कोप्यांपर्यंत नेला. आडोसा उद्या. तुमच्या बांधावर काय सोय आहे, सांगा.