बाम्बारा बोली आणि आपले गाणे

मालीच्या सुलेमान सिसे यांच्या 'यीलेन'ला 1987 साली कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळाले. चित्रपट बाम्बारा भाषेतला. परक्यांना कळावे म्हणून सिसेंनी आपली बोली सोडली नाही. 2020 साली व्हेनिसला पटकथेचे पारितोषिक मिळवणारा चैतन्य ताम्हाणे यांचा मराठी 'द डिसायपल' त्याच वाटेचा. त्यातले शिष्य आदित्य मोडक व गुरू अरुण द्रविड मुळात गवईच. द्रविड तर आपल्या कुर्डीच्या मोगूबाईंचे शिष्य! दरबारी गवयाच्या घरात वाढलो. या दोघांच्या हाती तानपुरा शोभेचा वाटत नाही, एवढे सांगू शकतो.

आमची चित्रपट काढणारी मंडळी मात्र गवयासाठी आधी देखणा चेहरा शोधतात, गळा मागाहून उसना आणतात. पेडणे-डिचोलीच्या देवळांत भजनाला बसणारे गळे त्यांनी कधी ऐकले आहेत काय?